विरोधी पार्टीचे तीन साक्षीदार

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी तोंडावर म्हणायला नको. कळंबच्या बसस्टँडमागं पाण्याची टाकी आहे, टाकीखाली एक खोली आहे, आणि त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर आपलं नाव यावं म्हणून मी दहा वर्षं जीव टाकला. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा एवढी धाकधूक झाली नव्हती. तसं माझं खताचं-बियाण्याचं दुकान आहे, दुकानाच्या पाटीवर हातभर मोठ्या अक्षरांत माझं नाव आहे. पण त्या पाटीचं काय कौतुक? ती माझी मीच लावलेली. भिंतीवरचं नाव दुसऱ्यांनी लावायचं असतं, आणि ते लावायचं की नाही हे एकच माणूस ठरवायचा. त्याला अख्खं गाव कंट्रोलर म्हणायचं.

कंट्रोलरना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांचं खरं नाव सांगत नाही, कारण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी त्यांच्या आईच्या तोंडूनसुद्धा ऐकली नाही. ती म्हातारी पण "आमचा कंट्रोलर जेवला का गं?" असंच सुनेला विचारायची.

ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या खिडकीत बसून "बार्शीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे" असं माइकवर सांगायचं, हे काम. तीस वर्षं तेच बोलून माणसाचं सगळं बोलणंच तसलं झालं. जेवायला बसले की म्हणायचे, "भाकरी ताटात लागलेली आहे. कालवण अद्याप आलेलं नाही." गळ्यात तुळजाभवानीचं पदक आणि त्याच दोऱ्यात शिट्टी. ही शिट्टी कुठं वाजेल याचा नेम नसायचा. पंगतीत कुणी मधे घुसून बसलं, वाजली शिट्टी. गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा धरली, वाजली शिट्टी. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्याचं भाषण काही संपेना, तर यांनी मागून जोरात शिट्टी मारली आणि दोन्ही हात वर करून वेळ संपल्याची खूण केली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढाऱ्याला वाटलं आपल्यालाच, आणि तो आणखी पंधरा मिनिटं बोलला.

घरी बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी, वाजलं की ते दोन्ही हातांनी टाइम-आऊटची खूण करायचे. काकू पण काही कमी नव्हत्या. म्हणायच्या, "बसते एक मिनिट गप. पर घड्याळ माझ्या हातात ऱ्हाईल."

शिट्टी आणि ही खूण, दोन्ही बास्केटबॉलची. आता गंमत अशी, की त्या खेळासाठी एवढा वेडा झालेला हा माणूस स्वतः तो कधी खेळलाच नव्हता. एका दिवसाचा अपवाद, तो पुढं सांगतो. स्टँडमागं कुठल्याशा योजनेत सिमेंटचं कोर्ट झालं, दोन टोकांना दोन रिंगा उभ्या राहिल्या, आणि हे नेमकं कशासाठी हे गावात कुणालाच कळेना. आडतीच्या जवळची जागा, ऊन चांगलं, म्हणून लोकांनी त्यावर सोयाबीन वाळत घातलं. कंट्रोलरनी कुठून तरी नियमांचं पुस्तक मिळवलं, खिडकीत बसून दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पाठ केलं आणि एक दिवस सोयाबीनच्या कडेला उभं राहून आम्हा कॉलेजच्या पोरांना म्हणाले, "त्या अर्ध्यात शेतकरी, ह्या अर्ध्यात तुम्ही. दाण्यावर बॉल गेला तर आऊट."

अशी आमची सुरुवात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आम्ही अर्ध्या कोर्टावर खेळायचो, फेब्रुवारीत तूर यायची तेव्हाही अर्ध्यावर. उरलेल्या महिन्यांत पूर्ण कोर्ट मिळालं की आम्हाला पळायला इतकी जागा बघून बावरल्यासारखं व्हायचं. आणि घड्याळ म्हणजे एस.टी. कंट्रोलरना दर गाडी सोडायला खिडकीत पळावं लागायचं, म्हणून मॅचचे चार भाग, म्हणजे क्वार्टर, गाड्यांवर लावलेले. लातूर गाडी सुटली की पहिला क्वार्टर संपला, बार्शी सुटली की दुसरा. एकदा बार्शी गाडीत आख्खं वऱ्हाड चढत होतं. नवरदेवाचा मामा सापडेना, रुखवताचं पातेलं सापडेना, आणि तोवर आमचा दुसरा क्वार्टर चालूच. पाऊण तास! आमच्याशी खेळायला आलेली परळीची पोरं कोर्टावर आडवी झाली, एक जण ओकला. "गाडी सुटल्याशिवाय क्वार्टर संपत न्हाय," कंट्रोलर कोर्टाच्या कडेनं सांगत होते, "नियम म्हंजे नियम." शेवटी आमच्यातलाच एक जण पळत जाऊन तो मामा पानटपरीवरून शोधून घेऊन आला.

भिंतीची कल्पनाही त्यांचीच. पेपरात कुठंतरी वाचलं त्यांनी, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टावर येऊन सगळ्यांना बसवून सांगितलं, "अमेरिकेत म्हणं रिटायर झालेल्या खेळाडूंसाठी अख्खी इमारत बांधलीया. हॉल ऑफ फेम म्हणत्यात तिला. कुणाला आत घ्यायचं आन कुणाला न्हाय, यावरनं तिथं लोकं वर्षभर भांडत्यात. आता आपल्याकडं इमारत न्हाय. पर भांडायला माणसं हायती. भिंत पुरं."

दिवस ठरला खंडेनवमीचा. त्या दिवशी जो तो आपापल्या हत्याराची पूजा करतो, मग आम्ही आमच्या. दोन्ही रिंगांना झेंडूचे हार, शिट्टीला हळद, बॉलला कुंकू. त्या कुंकवामुळं पुढं आठ दिवस सगळ्यांचे तळहात लाल असायचे. पूजा झाली, खोबरं वाटलं, की भिंतीपुढं सतरंजी टाकून भांडणाला बसायचं. वर्षाला एकच नाव, आणि तेही पटलं तर.

नियम मात्र त्यांनी अमेरिकेचे घेतले नाहीत, स्वतःचे केले. आपल्या टीममधल्या माणसाची साक्ष चालणार नाही. "आपल्या माणसानं केलेली तारीफ म्हंजे आईनं लेकराला गोरं म्हणणं. मला विरोधी पार्टीचे तीन साक्षीदार पायजेत. ज्यानं ह्याला स्वतः अडवलंय आसा गडी. मॅच माझ्या वहीत नोंदलेली पायजे. आन त्यानं खरं बोलायचं." साक्षीदाराला बोलवायचा हक्क पुन्हा भिंतीवर नाव असलेल्यालाच. न बोलावता आलेल्याला ते हात जोडून खोबरं द्यायचे आणि म्हणायचे, "तुमी पाव्हणे. बसा."

नाव पक्कं झालं की खेळाडूनं तिथल्या तिथं पायातले बूट काढून द्यायचे. नावाखाली एक खिळा, खिळ्याला ते बूट. परत कोर्टावर खेळायला उतरायचं नाही, हीच रिटायरमेंट. म्हणून ज्याला आशा असायची तो त्या दिवशी पिशवीत चपला घेऊन यायचा. बूट टांगले की कंट्रोलर तोंडापुढं मूठ धरायचे आणि माइकच्या आवाजात त्या खेळाडूचं बापाच्या नावासकट पूर्ण नाव पुकारून म्हणायचे, "फलाट क्रमांक एकवर लागलेले आहेत. ही गाडी आता पुढं जाणार नाही. नोंद घ्यावी."

पहिल्या वर्षी एका हायस्कूलच्या हेडमास्तरांचं नाव लागलं. दांडगा माणूस, दहा नंबरचा बूट. भिंत कोरी होती, म्हणून तेवढ्या वेळेला साक्षीदार कंट्रोलरनीच बोलावले. त्या तिघांनी हेडमास्तरांना पाच मिनिटं असं काही झोडपलं की बास. "रेडा हाय रेडा! रिंगखाली उभा ऱ्हायला की वारा पण आत जाईना," एक म्हणाला. दुसऱ्यानं वर ओठ करून तुटलेला दात दाखवला. कंट्रोलरच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. "घ्या लिहून," म्हणाले. त्या बुटात पुढं चिमणीनं घरटं केलं, आणि हेडमास्तर स्वतः शाळेतून येता-जाता पिल्लं मोजायला थांबायचे.

तिसरं नाव आमच्या मॅडमचं. त्या आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, तेव्हा आमच्याबरोबर पोरांच्यात खेळायच्या, कारण पोरींची टीमच नव्हती. त्यांच्या विरोधातला एक साक्षीदार एवढंच बोलला, "ह्यांच्या कोपराचं काय सांगू? बरगडीला विचारा." आणि बसला. मंजूर!

याच्या उलट एका नगरसेवकाच्या भावाचं झालं. त्याला भिंतीवर यायचंच होतं. त्यानं आधी कोर्टाला दिवे लावून देतो म्हणून सांगितलं. कंट्रोलर म्हणाले, दिवे लाव, पण साक्षीदार आण. त्यानं भिंतीवरच्या एकाला गाठून तीन बोलावले, इस्त्रीच्या कपड्यांतले. पहिला म्हणाला, "अतिशय सज्जन खेळाडू." दुसरा म्हणाला, "मनमिळाऊ स्वभाव." तिसरा सुरू व्हायच्या आधीच शिट्टी वाजली. "अरं, विरोधी खेळाडूला मनमिळाऊ म्हणतंय का कुणी? लग्न जमवायला आलाव का? शिकवून आणलेत समदे!" नाव गेलं. दिवे पण गेले.

मोबाइलवाली नवी पोरं कधी कधी कोर्टाच्या कडेला अमेरिकेतल्या खेळाडूंवरून वाद घालायची. हा आत गेला ते चुकलंच, तो बाहेर राहिला हा अन्याय, एवढे पॉइंट, तेवढ्या ट्रॉफ्या. कंट्रोलर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ते समदं खरं. पर त्याच्या नावानं शिव्या कोण देतंय?" पोरं मोबाइल चाळायला लागायची. "मग कळंल कसं?"

आता तो एका दिवसाचा अपवाद. माझं सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

बावीस-तेवीस वर्षांचा होतो मी तेव्हा. लोहाऱ्याच्या टीमबरोबर मैत्रीची मॅच ठरली होती. ती पोरं काळी-पिवळी जीप बदलत बदलत आली, आणि कोर्टावर उतरून मोजतात तर चारच. पाचवा येडशीला गरम भजी बघून उतरला होता, तो भज्यांपाशीच राहिला. चौघं म्हणाले, आम्ही आल्या पावली परत जातो. कंट्रोलर म्हणाले, "आलेली गाडी खेळल्याबिगर परत जाणार न्हाय." त्यांनी शिट्टी काढून चहावाल्याच्या गळ्यात घातली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चष्मा दोऱ्यानं डोक्याला बांधला आणि लोहाऱ्याकडून उभे राहिले. वय पंचेचाळीस. आणि अडवायला घेतलं कुणाला, तर मला.

काय सांगू! नियमांचं पुस्तक अख्खं पाठ असलेला माणूस, पण पुस्तकात पाय कसे टाकायचे हे कुठं लिहिलेलं असतं? मी डावीकडं बघायचो, ते डावीकडं जायचे. मी उजवीकडून रिंगखाली. तिकडं लातूर गाडी भरून उभी होती, खिडकी-खिडकीतून माणसं बघत होती. मला चेव आला. एकदा तर मी बॉल त्यांच्या दोन्ही पायांतून पलीकडं काढला आणि ते वळता वळता धप्पकन बसले, सिमेंटवर. सगळ्या गाडीनं टाळ्या वाजवल्या. मी काय केलं असेल? वाकून मुजरा केला. गाडीला.

मेल्याहून मेल्यासारखं वाटतं आता ते आठवलं की. पण तेव्हा लाज कुठली, तेव्हा मस्ती होती. कंट्रोलर उठले, पँट झटकली, शेवटची गाडी सुटेपर्यंत खेळले. दुसऱ्या दिवशी खिडकीत बसले तेव्हा खाली उशी होती. त्या मॅचबद्दल ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मी मनाशी पक्कं धरलं, की या माणसानं आपल्यावर डूख धरला.

पुढं दुकान आलं, लग्न आलं, गुडघे दुखायला लागले. अडतिसाव्या वर्षी मला वाटलं, आता भिंतीवर जावं. हेडमास्तरांनी माझं नाव पुढं केलं. मी काही फार मोठा खेळाडू नव्हतो. जिल्ह्याच्या दोन स्पर्धा, पाच-पंचवीस मॅचेस, त्यातल्या वहीत नोंदलेल्या आणखी कमी. मला अडवलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. त्यातले बरेच पुण्याला गेले, एक दुबईत, एक देवाघरी.

पहिला साक्षीदार आला तो लोहाऱ्याचा. तहसीलात शिपाई, सहा फूट दोन इंच, सगळे त्याला खांब म्हणायचे. तो बोलला चांगलं, "हे बेणं लई लबाड हाय. नजर एकीकडं, पाय दुसरीकडं. मी ह्याच्यापायी घरी येऊन आईवर चिडायचो." मी खूश. दुसरा तेरखेड्याचा. त्याचा फटाक्यांचा धंदा, आणि खंडेनवमी म्हणजे दिवाळी तोंडावर, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. चार वर्षं "पुढच्या साली नक्की" म्हणत होता. पाचव्या वर्षी आला, बोटांना चंदेरी भुकटी तशीच. पूजेच्या दिव्यापासून दूर बसूनच त्यानं माझा उद्धार केला आणि निघून गेला. दोन झाले.

तिसऱ्यानं माझं वाटोळं केलं. भूमचा एक गडी, मॅडमनी शोधून काढला. त्यानं मला एका मॅचमध्ये चारही क्वार्टर अडवलं होतं, वहीत तसं लिहिलेलं होतं. तो आला, सतरंजीवर बसला, खोबरं खाल्लं, आणि कंट्रोलरनी "ह्यांच्याबद्दल सांगा" म्हटल्यावर माझ्याकडं नीट न्याहाळून बघत म्हणाला, "नमस्कार. आपली वळख?"

सगळे इतके हसले की हेडमास्तरांच्या बुटातली चिमणी उडाली. मी पण हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

त्यानंतर दर खंडेनवमीला तेच. कंट्रोलर वही उघडायचे, म्हणायचे, "साक्षीदार दोन. तिसरा अद्याप आलेला नाही. गाडी रद्द." आणि वही मिटताना माझ्याकडं एक क्षण बघायचे, काहीतरी वाट बघितल्यासारखं. मला वाटायचं, मजा बघतायत. एरवी रिटायर झाल्यावरही खाकीच घालणारा हा माणूस त्या दिवशी मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचा. पूजेसाठी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मला तर तो शर्टसुद्धा डोळ्यांत खुपायचा. बायकोला म्हणायचो, "बघ, माझं नाव रद्द करायला कसा नटून येतो!"

दहाव्या वर्षी मी आशा सोडली. चपलांची पिशवी नेलीच नाही. नुसता बॉलला कुंकू लावायला गेलो आणि पोरांबरोबर अर्ध्या कोर्टावर जरा खेळलो, कारण उरलेल्या अर्ध्यात कुणाचं तरी सोयाबीन होतं. गुडघा कुरकुरत होता. मग सगळे सतरंजीवर बसले. त्या वर्षी दुसरं कुणाचं नाव नव्हतं, म्हणून मॅडमनी पुन्हा माझंच काढलं.

कंट्रोलर म्हणाले, "साक्षीदार दोन."

"काका, जरा वही द्या बघू," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी वही दिली. मॅडमना पेपर तपासायची सवय, बोट ठेवून एकेक ओळ वाचतात. मागं मागं जात त्या एका पानावर थांबल्या. चष्मा वर केला, परत खाली केला.

"लोहारा विरुद्ध कळंब," त्या वाचायला लागल्या. "लोहाऱ्याचे खेळाडू पाच. चार नावं लोहाऱ्याच्या पोरांची. पाचवं..." आणि थांबल्या. "काका, हे अक्षर तुमचं आहे. आणि हे नाव पण तुमचंच आहे."

सगळे वहीवर वाकले. वीस-पंचवीस वर्षं आम्ही त्यांना शिट्टीवाले, वहीवाले, निकाल देणारे म्हणून असे धरून बसलो होतो, की हा माणूस एक दिवस समोरच्या पार्टीत उभा होता हे एकालाही सुचलं नव्हतं. मला तर ती मॅच रोज आठवायची. पण मला आठवायचा तो त्यांचा राग.

मॅडम उभ्या राहिल्या. "माझं नाव भिंतीवर आहे, मला हक्क आहे. मी लोहाऱ्याच्या पाचव्या खेळाडूला साक्षीला बोलावते."

कंट्रोलर उठले. शर्टाची कॉलर नीट केली. शिट्टी काढून हेडमास्तरांच्या हातात दिली आणि येऊन साक्षीदाराच्या जागी बसले.

"मी खरं बोलणार," ते म्हणाले. "ह्यो माणूस आज सोळा आणे दुकानदार दिसतोय, पर तवा लई हरामी व्हता. माझ्या म्होरं आला, डावीकडं बघितलं. मी डावीकडं गेलो, ह्यो उजवीकडनं पळाला. दुसऱ्या खेपेला म्हटलं आता फसायचं न्हाय, मी उजवीकडं गेलो, तर ह्यो डावीकडनं. तिसऱ्या खेपेला मी हाललोच न्हाय. मग ह्यानं बॉल माझ्या पायातनं काढला. वयाचा मुलाहिजा न्हाय, काय न्हाय. अख्ख्या लातूर गाडीम्होरं मला खाली बशिवलं, आन वर मुजरा केला! आजून थंडीत माकडहाड ठणकलं की ह्याच्याच नावानं उठतो मी. काकूला विचारा." मग जरा थांबले. "मी हज्जार मॅचेस कडेनं बघितल्या. खेळ म्हंजे काय आसतो, ते मला त्या एका दिवशी कळलं. समोरनं."

मला रागच आला. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, काका? मी दहा वर्षं जिल्हाभर हिंडलो!"

"बोलवलं कुणी?" ते म्हणाले. "आपण होऊन गेलो आसतो तर मी पाव्हणा. खोबरं खाऊन गप बसावं लागलं आसतं. दर साली पांढरा शर्ट घालून येतोय लेका, आज तरी कुणी नाव घेईल म्हणून. इस्त्रीवाला पण कटाळला."

मंजूर झालं. हेडमास्तरांनी शिट्टी वाजवली. पेंटर डबा उघडून बसलाच होता. एकानं खिळा ठोकला, आणि सगळे माझ्या पायांकडं बघायला लागले.

बूट.

आता हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण दहा वर्षं ज्याच्यासाठी झुरलो ते समोर आलं आणि माझा हात नाडीपर्यंत जाईना. नाडी सुटली की संपलं. उद्या संध्याकाळी दुकान बंद करून कोर्टावर यायचं ते कडेला बसायला. बॉल पायाशी आला तर उचलून पोरांकडं फेकायचा, बस. मी नाडी धरली आणि तशीच धरून बसलो. गाठ बसलीय, असं काहीतरी बोललो.

कंट्रोलर उठून माझ्यापुढं आले आणि गुडघे टेकून खाली बसले. सत्तर वर्षांचा माणूस! मी पाय मागं ओढला. "अहो काका, काय करताय? माझ्या पायाला हात लावू नका!"

"गप बस," ते म्हणाले. गाठ सोडली त्यांनी. "त्या दिवशी तू माझ्या पायातनं बॉल काढलास. आज म्या तुझ्या पायातनं बूट काढतो. फिट्टंफाट."

मी रडलो. सगळ्यांसमोर, तोंड वेडंवाकडं करून रडलो. तेही डोळे पुसत होते, पण म्हणत होते की कुंकू गेलंय डोळ्यांत. मग माझ्या खांद्याला धरून उठले, बूट खिळ्याला अडकवले, तोंडापुढं मूठ धरली आणि माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, असं पुकारलं की स्टँडवरची माणसं खरंच कोणती गाडी लागली म्हणून वळून बघायला लागली. "फलाट क्रमांक एकवर लागलेले आहेत. ही गाडी आता पुढं जाणार नाही. नोंद घ्यावी."

मग खाली बघितलं. "चपला?"

"नाही आणल्या."

"आशा सोडली व्हतीस व्हय रं?"

"व्हय काका."

त्यांनी नुसती मान हलवली.

कोर्टावरून बाहेर पडायचा रस्ता सोयाबीनमधूनच होता. ते तुडवत, मग बाजारातून, मग गल्लीतून अनवाणी घरी आलो. बायको दारातच होती. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पायांकडं.

"बूट कुठं गेले?"

"भिंतीवर," मी म्हटलं.

ती तशीच आत गेली आणि देवापुढं साखर ठेवली.